यादी मागतात, वाटा देत नाहीत!

कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास जाऊन उभे राहावे. लिंबाच्या झाडाखाली अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबले मांडलेली असतात. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग असते. काळे कोट घाईने येत-जात असतात. या गर्दीत एखादी भगिनी हमखास दिसते. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि त्या पिशवीत तिचा सगळा संसार असतो : रेशनकार्ड, आधार कार्ड, लग्नाचे दोन फोटो, मुलांचे शाळेचे दाखले. अर्ज लिहिणारा विचारतो, ''ताई, घराचा कागद कुठे आहे?'' ती सांगते, ''घर मीच बांधलंय दादा. विटा मी वाहिल्या, पाणी मी मारलं.'' तो पुन्हा विचारतो, ''ते खरं हो, पण कागद कुणाच्या नावावर आहे?'' आणि तिथे ती गप्प होते.

आम्हाला आज याच गप्प होण्याविषयी लिहायचे आहे. नवरा-बायको वेगळे झाले की पोटगीवर चर्चा होते, मुलांच्या ताब्यावर होते, आणि समाजात तर तिच्या चारित्र्यावरही होते! पण दोघांनी मिळून उभ्या केलेल्या घराचे, जमिनीचे, भांड्याकुंड्यांचे काय, हा प्रश्न कोणी सरळ विचारत नाही. विचारला तरी न्यायालयात तो कागदाच्या जाळ्यात अडकतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : या देशातला कायदा वेगळ्या होणाऱ्या स्त्रीकडून मालमत्तेची यादी मागतो, पण त्या यादीतला वाटा तिला देत नाही. कारण हा कायदा संसार कोणी केला हे पाहत नाही, कागदावर नाव कोणाचे आहे एवढेच पाहतो. आणि कागदावर नाव कोणाचे घालायचे, हे आजपर्यंत आपल्या घरात पुरुषच ठरवत आला आहे.

आधी कायद्याची वस्तुस्थिती समजून घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की घटस्फोट झाला की मालमत्तेचे दोन भाग होतात. गोव्यासारखे अपवाद सोडले तर भारतात तसा कायदा नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या २७ व्या कलमानुसार न्यायालय फक्त लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंबाबत आदेश देऊ शकते. म्हणजे कपाट, पलंग, भांडी, आहेर. लग्नानंतर वीस वर्षे राबून जे उभे केले, त्याबद्दल हे कलम काही बोलत नाही. जे नवऱ्याच्या नावावर ते नवऱ्याचे, जे बायकोच्या नावावर ते बायकोचे, आणि दोघांच्या नावावर असेल तर दोघांचे. वडिलोपार्जित जमिनीत तर नवरा हयात असताना बायकोला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. घटस्फोट झाला की ती त्याची वारसही राहत नाही. नुसते टाकून दिले असेल आणि घटस्फोट झालेला नसेल, तर मात्र ती कायद्याने पत्नीच असते व वारसही असते. ही गोष्ट आपल्या अनेक परित्यक्ता भगिनींना कोणी सांगितलेलीच नसते. चार लोकांत बसून केलेल्या 'सोडचिठ्ठी'वर त्या अंगठा देऊन मोकळ्या होतात.

आता यादीची गोष्ट. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात पोटगीच्या दाव्यांसाठी एक महत्त्वाचा दंडक घालून दिला. पती व पत्नी दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात दाखल करायचे. पगार, बँकेची खाती, प्राप्तिकराची विवरणपत्रे, घर, जमीन, वाहन, दागिने, विमा, कर्ज, घरभाडे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च असे सगळे त्यात लिहायचे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. उत्तरादाखलचे प्रतिज्ञापत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे. तारखा मागून चालढकल करायची संधी दोनदाच. खोटे लिहिले तर कारवाई होऊ शकते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्याच निकालाने सांगितले. हा निकाल चांगला आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. पगार लपवून 'मी बेकार आहे' असे सांगणाऱ्या नवऱ्यांना त्याने वेसण घातली.

पण हे प्रतिज्ञापत्र नीट वाचले म्हणजे एक गोष्ट टोचते. बाई बारा-पंधरा पानांत नवऱ्याच्या आणि स्वतःच्या मालमत्तेचा पाढा वाचते, गट नंबर लिहिते, सदनिकेचा क्रमांक लिहिते. आणि त्या सगळ्याचा उपयोग होतो तो महिन्याला किती रुपये द्यायचे एवढे ठरवण्यासाठी! त्या घरातला अर्धा भाग तिचा आहे, असे त्या पानांच्या शेवटी कोणी म्हणत नाही. पोटगी हा निर्वाह आहे, तो वाटा नव्हे. पोटगी देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणारीचा हात खाली. वाटा मागणारी मात्र बरोबरीने उभी असते. हा फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपण कधी दयेचा तुकडा मागितला नाही, हक्क मागितला. मग आपल्याच लेकीबाळींनी पोटगीच्या तारखा मोजत का बसावे?

असे नाही की दुसरा मार्ग या देशाला ठाऊकच नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात पाऊल टाका, कायदा बदलतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली तिथली रीत गोवा मुक्त झाल्यावरही टिकवली गेली. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. स्थावर विकायची तर दोघांची सही लागते. विभक्त झाल्यावर न्यायालयात यादीची कार्यवाही चालते. ती आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी व यादी कार्यवाही कायद्याखाली होते. मालमत्ता ज्याच्या हाती आहे त्याला शपथेवर सगळ्या वस्तूंची, जमिनींची आणि देण्यांची यादी द्यावी लागते. वाटणीवर एकमत झाले नाही तर दोघे आपसात बोली लावतात. ज्याच्याकडे जास्त जाते तो दुसऱ्याला पैशाने भरपाई देतो. शेवटी वाटणीचा तक्ता तयार होतो आणि न्यायालय त्यावर शिक्कामोर्तब करते. तिथेही अडचणी आहेत. खटले वर्षानुवर्षे चालतात, व्यवहारात कारभार पुरुषाच्याच हाती राहतो. पण मूळ गृहीतच वेगळे आहे. तिथे यादी वाट्यासाठी होते. पेडण्यातल्या बाईला जे जन्मसिद्ध वाटते, ते काही कोसांवरच्या सावंतवाडीतल्या बाईला स्वप्नातही मिळत नाही.

गंमत पाहा! समान नागरी कायद्याचा विषय निघाला की दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळे पुढारी गोव्याचे उदाहरण देतात. पण गोव्याच्या कायद्याचा गाभा म्हणजे बायकोचा निम्मा वाटा, हे त्यांपैकी किती जण बोलतात? त्यांना गोव्यातला 'समान' हा शब्द हवा असतो, समान वाटा नको असतो. २१ व्या विधी आयोगाने ३१ ऑगस्ट २०१८ च्या आपल्या सल्लापत्रात म्हटले होते की समान नागरी कायदा या टप्प्यावर आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. मात्र लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची मानावी व विभक्त होताना तिची वाटणी करावी. पहिल्या वाक्यावर वाद घालायला सगळे धावले, दुसऱ्या वाक्याकडे कोणी फिरकले नाही. त्याआधी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत घटस्फोटित पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाहविषयक कायद्यांच्या दुरुस्तीचे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते. लोकसभेत ते अडले आणि २०१४ मध्ये सभागृह विसर्जित होताच बुडाले. ते पुन्हा वर काढावे, असे त्यानंतरच्या सरकारांना वाटले नाही.

हे आपल्याला ओळखीचे वाटत नाही काय? १९५१ साली हेच घडले होते. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी मुलीला वारसा, स्त्रीला मालमत्तेवर पूर्ण मालकी आणि घटस्फोटाचा हक्क या गोष्टी मांडल्या. मालमत्तेचा विषय निघाला आणि धर्म बुडाल्याची हाकाटी सुरू झाली. बिल लांबवत लांबवत बासनात गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे अनेक होती, पण त्यांत हे एक मोठे होते. नंतर त्या बिलाचे तुकडे होऊन १९५५-५६ मध्ये कायदे झाले. १९५६ च्या वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या हाती असलेल्या मालमत्तेची तिला पूर्ण मालकीण केले. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ साल उजाडले. त्याची उरलीसुरली संदिग्धता सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने दूर केली. म्हणजे लेकीचा हक्क पन्नास वर्षांनी आला. बायकोचा हक्क अजून यायचा आहे. बाबासाहेबांनी सुरू केलेल्या कामाचा हा उरलेला भाग आहे, असे आम्ही मानतो. तो पूर्ण करण्याची जबाबदारी त्यांचे नाव घेणाऱ्यांचीच आहे.

न्यायालये थोडीफार पुढे सरकत आहेत, हे मान्य केले पाहिजे. २१ जून २०२३ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की गृहिणीने घर सांभाळले म्हणून नवरा बाहेर जाऊन कमवू शकला. तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही बरोबरीचा वाटा आहे. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनीही पतींना सांगितले की घर सांभाळणाऱ्या पत्नीला आर्थिक व्यवहारात सामील करा, संयुक्त खाते उघडा. चांगले आहे. पण न्यायमूर्तींच्या सदिच्छेवर हक्क उभा राहत नाही. हक्क उभा राहतो तो कायद्याच्या कलमावर आणि हातातल्या कागदावर.

आता काही बांधव म्हणतील, ''आमच्याकडे वाटायला आहेच काय? एक खोली, दोन पत्रे!'' आम्ही त्यांना विचारतो, ज्याच्याकडे चार बंगले आहेत त्याची बायको एका बंगल्यातून बाहेर पडली तर माहेरी जाईल, दुसरीकडे राहील. ज्या बाईची एकच खोली आहे, ती त्या खोलीतून बाहेर पडली तर कुठे जाईल? गरिबाची मालमत्ता थोडी असते म्हणून तिचा प्रश्न लहान नसतो. तो त्यामुळेच मोठा असतो! आणि एका खोलीचे दोन तुकडे होत नाहीत, हेही खरे आहे. म्हणून वाट्याच्या आधी निवाऱ्याचा हक्क आला पाहिजे. तो मात्र आज कायद्यात आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ज्या घरात ती नवऱ्यासोबत राहिली त्या घरातून, ते तिच्या नावावर नसले तरी, तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. न्यायदंडाधिकारी १९ व्या कलमाखाली तिला बाहेर काढण्यास मनाई करू शकतात, घर विकण्यास मनाई करू शकतात, पर्यायी घर किंवा भाडे द्यायला लावू शकतात, स्त्रीधन परत करायला सांगू शकतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला हक्कच नाही, हा समजही सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी खोडून काढला. अर्ज करायला संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते. तेव्हा घर सोडून निघण्याआधी, आणि निघावे लागलेच तर लगेच, हा अर्ज करावा.

दुसरे काही जण म्हणतील, ''अर्धा वाटा दिला तर संसार मोडतील.'' संसार मालमत्तेमुळे टिकत असेल तर तो संसार नव्हे, ते वेठबिगारीचे खाते आहे. जाण्याची जागा नाही म्हणून मार खात राहणारी बाई संसार करत नसते, ती अडकून पडलेली असते. बाबासाहेबांच्या बिलाला विरोध करणारेही हेच म्हणत होते. घटस्फोटाचा कायदा होऊन सत्तर वर्षे झाली, कुटुंबसंस्था बुडाली काय? आणि वाट्याबरोबर देणेही येते. निम्मे घर मागणारीने घराच्या कर्जाचा निम्मा भार मोजला पाहिजे. आपल्या प्रतिज्ञापत्रात आपली कमाई खरी लिहिली पाहिजे. समतेचा अर्थ तोच आहे. तो दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

पण कायदा होईल तेव्हा होईल. आज जी भगिनी न्यायालयाच्या पायरीवर उभी आहे, तिने काय करावे? आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कागद आधी जमवा, भांडण नंतर होते. जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, फेरफार, गावातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरातील घराची मिळकत पत्रिका, खरेदीखताची सूची दोन, सोसायटीचा भाग दाखला, घरपट्टी व वीजबिल, कर्जाचे खाते. यांतल्या बहुतेक शासकीय नोंदी कोणालाही शुल्क भरून मिळतात. 'कागद नवऱ्याच्या कपाटात आहेत' म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत, दुय्यम निबंधक कार्यालय ही काही नवऱ्याची कपाटे नव्हेत!

दुसरी गोष्ट, आपले योगदान दाखवणारा कागद जपा. घराच्या पत्र्यासाठी बचत गटातून कर्ज बाईने काढले, हप्ते बाईने फेडले आणि घर नवऱ्याच्या नावावर झाले, असे घरोघरी दिसते. त्या बचत गटाचे पासबुक हा पुरावा आहे. सिमेंट-सळईच्या पावत्या, दागिने मोडल्याची सोनाराची पावती, आपल्या खात्यातून गेलेले पैसे हाही पुरावा आहे. बेनामी व्यवहाराच्या कायद्यात पती-पत्नीमधल्या खरेदीला सूट आहे. पण पैसा ज्ञात मार्गाने आला हे दाखवावे लागते. पती-पत्नीमधील मालमत्तेचा दावा १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली कौटुंबिक न्यायालयातच चालतो. जिथे असे न्यायालय नाही तिथे तो दिवाणी न्यायालयात जातो.

तिसरी गोष्ट, पैशाला घाबरू नका. महाराष्ट्र शासनाने १९९४ पासून स्त्रियांना निर्वाह, विवाहातून उद्भवलेले मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट यांच्या दाव्यांत न्यायालयीन शुल्क माफ केले आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. हे माहीत नसल्यामुळे आपल्या बाया मंगळसूत्र मोडून फी भरतात. हे अज्ञान आपल्या चळवळीला शोभत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तडजोडीच्या कागदावर सही करताना थांबा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांनी अटींचा मसुदा द्यायचा असतो. त्यात कुठेतरी मधेच एक वाक्य घुसवलेले असते : पत्नी यापुढे पतीच्या स्थावर-जंगम मालमत्तेवर कोणताही हक्क सांगणार नाही. बाई थकलेली असते, माहेरचे लोक 'सुटलीस एकदाची' म्हणत असतात, आणि ती सही करते. त्या एका ओळीत वीस वर्षे जातात! मसुदा वाचून घ्या, परक्या माणसाकडून मोठ्याने वाचवून घ्या. घर द्यायचे ठरले असेल तर सदनिकेचा क्रमांक, गट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि तारीख मसुद्यात आली पाहिजे. 'घर पत्नीला देण्यात येईल' असे मोघम लिहून काही हाती लागत नाही. हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायला उद्या दरखास्त लावावी लागली, तर न्यायालय शब्दावर चालते, भावनेवर नाही. कर्ज कोण फेडणार ते लिहा. मात्र लक्षात ठेवा की नवरा-बायकोच्या तडजोडीने बँक बांधली जात नाही. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँक दोघांनाही धरते. जमीन वतनाची, नवीन शर्तीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. आणि निकाल लागला की काम संपले असे नाही. तो निकाल घेऊन तलाठ्याकडे, सोसायटीकडे, ग्रामपंचायतीकडे गेले पाहिजे. नोंद बदलली तरच वाटा पदरात पडला असे समजा.

इतके सांगून झाल्यावर आता आम्हाला आपल्याच माणसांशी दोन शब्द बोलायचे आहेत. ते कडू लागतील, पण बोललेच पाहिजेत.

दरवर्षी २५ डिसेंबरला आपण महाडच्या मनुस्मृती दहनाची आठवण करतो. १९२७ साली जो ग्रंथ जाळला, त्याने शूद्राला आणि स्त्रीला धनाचा अधिकार नाकारला होता, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. सभा संपवून घरी येतो. आपल्या घराच्या नमुना आठवर कोणाचे नाव आहे? आपल्या सातबारावर कोणाचे नाव आहे? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तेव्हा आपल्या आया-आज्या कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. पण जिथे पट्टा मिळाला तिथे तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावे लिहिण्याचीच रीत पडली. ग्रंथ जाळला, पण ग्रंथातला नियम आपल्या कपाटातल्या कागदावर जिवंत राहिला. याला काय म्हणायचे?

इतरांनी काही केलेच नाही असे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला आणि गावेच्या गावे बायकांच्या नावे जमीन करायला पुढे आली. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत तर घराचा करार पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची अटच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलातही घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करण्याचा नियम आहे. गावठाणातल्या घरांची मोजणी होऊन २०२० पासून स्वामित्व योजनेखाली मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्या पत्रिकेवर कोणाचे नाव चढते आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांनी जाऊन पाहिले? एकदा नाव चढले की पुढच्या तीन पिढ्या तेच चालते.

म्हणून आम्ही चळवळीपुढे साधा कार्यक्रम ठेवतो. प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातला एक रविवार कागदासाठी द्या. विहारात वंदना झाली की एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी बसेल, वस्तीतल्या प्रत्येक घराचे कागद पाहील, प्रती काढून बाईच्या नावाची एक फाईल तयार करील. विवाह विधी झाला की त्याच आठवड्यात विवाह नोंदणी झाली पाहिजे. नोंदणी नसल्याने 'ही माझी बायकोच नव्हे' असे न्यायालयात सांगणारे नवरे असतात. घराच्या नोंदीवर पत्नीचे नाव लावण्याचा अर्ज नवऱ्याने स्वतःच्या हाताने करावा. जो कार्यकर्ता हा अर्ज करणार नाही, त्याने स्त्रीमुक्तीवर भाषण करू नये! आपल्यातल्या वकिलांनी महिन्यातली एक तडजोड फुकट वाचून द्यावी. आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, आपल्या पक्षालाही, एकच प्रश्न विचारावा : लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेत पत्नीला निम्मा वाटा देणारा कायदा तुम्ही आणणार की नाही?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. त्यातल्या शिकण्यात सातबारा वाचायला शिकणे आले, प्रतिज्ञापत्र भरायला शिकणे आले. बाबासाहेब हे कायद्याचे पंडित होते. त्यांच्या अनुयायांची बायको न्यायालयाच्या आवारात कागदावाचून गप्प उभी राहते, ही त्यांच्या विचारांची थट्टा आहे. लिंबाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या त्या भगिनीला उद्या कोणी विचारील, ''ताई, कागद कुणाच्या नावावर आहे?'' तेव्हा तिला पिशवीतून एक कागद काढून त्याच्यावरचे आपले नाव दाखवता आले पाहिजे. ते नाव तिथे आज लिहायचे आहे, आणि ते लिहायला कोणत्याही संसदेची परवानगी लागत नाही.

जयभीम!